डाव्या सीटवरून

६ जानेवारी, सोमवार

पारोळ्याहून ६.५० ला सुटलो, धुळ्याला ८.०० ला पोहोचलो. एसटीला गर्दी. प्रमिलाला जागा मिळाली, मी उभा. नोकरी सुटून चार वर्षं झाली, तरी गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता लागली हे लिहिल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही. एकतीस वर्षं ड्रायव्हर म्हणून लॉगशीट भरली, आता ही वही भरतो.

प्रमिलाचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, सोमवारी आणि गुरुवारी. चार तास मशीनवर. जाताना ती बरी असते, येताना तिचा पाय उचलत नाही. आज परतीच्या बसमध्ये फागण्याच्या पुढे तिला चक्कर आली. ड्रायव्हर नवा होता. त्याने गाडी बाजूला घेतली, पण आरशातून आमच्याकडे पाहत राहिला. त्याला उशीर होत होता हे मला कळत होतं, मी त्याच्या जागी अनेकदा बसलो आहे.

घरी आल्यावर हेमांगीने आईचे पाय चेपले आणि मान वर न करता म्हणाली, "आबा, आता आईला बसने न्यायचं नाही. आपण गाडी घेऊ. मी चालवेन."

हेमांगी आमची एकुलती, आणि फार उशिरा झालेली. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली, एफ.वाय.ला आहे. मोटार ट्रेनिंगला जाऊन डिसेंबरात लायसन्स घेऊन आली. मला हसू आलं. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला ज्याच्या कपाटात आहे त्याच्या घरात गाडी कोणी चालवायची, हा काय प्रश्न झाला? पण गाडी हवी हे खरं. फंडातले अडीच लाख बाजूला ठेवले आहेत, त्यात जुनी बरी मिळेल. हेमांगीसाठी घेतो असं म्हणू, म्हणजे पोर खूश. चालवायचं कोणी ते पुढचं पुढे.

प्रमिला अंथरुणातून म्हणाली, "गाडी हेमांगीना नाववरच लेवानी. लिखी ल्या तुमनी वहीमा."

लिहून घेतलं. आजारी माणसाचा हट्ट आहे.

९ जानेवारी, गुरुवार

बस चुकली म्हणून मोटारसायकलवर गेलो. प्रमिला मागे. सायकलवाला आला की दाबला खांदा, वासरू आलं की दाबला खांदा. एकदाच दाबते, पण घट्ट. वर्षभरात हे फार वाढलंय, घाबरट झाली आहे. पूर्वी ही बाई माझ्यामागे बसून डुलकी काढायची. आज मी चिडून म्हटलं, "मी काय आंधळा शे का?" तिने मुकटीजवळ पुन्हा दाबला. ट्रॅक्टर वळत होता खरा, पण तो अगदीच बाजूने आला. हल्ली सगळे असेच कुठून तरी बाजूने येतात. रस्ता चौपदरी झाल्यापासून कोणाला धरबंध राहिलेला नाही.

येताना तिला बसमध्ये बसवून दिलं आणि मी एकटा आलो. खांदा मोकळा होता, तरी चुकल्यासारखं वाटत होतं.

१२ जानेवारी, रविवार

हेमांगी म्हणते, "आबा, तुमच्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्यात." पेन बदललं. खोलीतली ट्यूबही बदलली, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. मालात दम राहिलेला नाही.

डोळ्यांचं म्हणाल तर मागच्या वर्षी लायसन्सच्या कामाला तक्ता वाचला होता. शेवटची ओळ चष्मा लावून घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, काका, नजर तरुणाची आहे.

दुपारी भाईदास आला. भाईदास माझा कंडक्टर. एकोणीस वर्षं आम्ही एका गाडीवर काढली, धुळे–जळगाव. तो मागे, मी पुढे, त्यामुळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलणं फारसं झालंच नाही. बोलणं व्हायचं ते बेलवर. दोन टोले पडल्याशिवाय मी गाडी कधी हलवली नाही, आणि एक टोला पडला की पाय आपोआप ब्रेकवर. पायरीवर कोण लटकलंय, मागच्या चाकाजवळ कोण वाकलंय, ते मला दिसायचं नाही, त्याला दिसायचं. इतका विश्वास मी दुसऱ्या कोणावर टाकला नाही. हे त्याला कधी बोलून दाखवलं नाही, तेवढं इथे लिहून ठेवतो.

गाडी बघायला तो बरोबर येणार आहे. निघताना प्रमिलाने त्याला ओट्यावर थांबवून बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर म्हणे, गोळ्यांचं विचारत होते.

१९ जानेवारी, रविवार

धुळे, जुन्या गाड्यांचा बाजार. मी, भाईदास आणि हेमांगी.

पहिलीच गाडी मला पसंत पडली. डिझेल जीप, जुनी पण दणकट. सीट उंच, बसल्यावर रस्ता पायाखाली आल्यासारखा वाटतो. इंजिनचा आवाज असा की डेपोत उभा आहे असं वाटावं. हेमांगीला बसवलं. क्लच पूर्ण दाबायला ती सीटच्या टोकावर सरकली तेव्हा तिचं नाक स्टिअरिंगच्या बरोबरीला आलं.

भाईदास म्हणाला, "नवलभाऊ, गाडी कोनाकरता लेवानी शे?"

"हिच्याचकरता."

"मंग तिना पाय पुरतस का ते देखा आगोदर."

मी म्हटलं, पाठीला उशी लावता येईल. हेमांगी उतरली. तिचा चेहरा पाहून मलाही जीपचं बोलणं पुढे रेटता येईना. अठरा वर्षांच्या पोरीचे पाय आता वाढायचे नाहीत.

दुसरी चंदेरी रंगाची, लहान, पेट्रोलची. बॉनेट उघडून हात ठेवला, इंजिन कापत नव्हतं. ऑइलची काडी काढून बोटांत चोळून पाहिली. गिअर टाकून पाहिले. गाडीभोवती दोनदा फिरलो, जसा रोज सकाळी बसभोवती फिरायचो. मी सांगितलं, घेऊन टाकू.

हेमांगी डाव्या बाजूला उभी होती. म्हणाली, "आबा, इकडची दोन्ही दारं वेगळ्या रंगाची आहेत."

मी जाऊन पाहिलं. मला सारखीच दिसली. ऊन तिरपं पडतंय, असं म्हणालो. भाईदासने दारावरून हात फिरवला, खाली वाकून पाहिलं. "पोर खरं सांगस. आठे बठ्ठं काम करेल शे. खाले वेल्डिंग बी शे." म्हणजे गाडी त्या बाजूने ठोकलेली. दुकानदार फोनवर बोलायला लांब गेला.

बाजारात धूळ फार, गाड्याही धड पुसत नाहीत. तरी मी त्या बाजूने दोनदा गेलो होतो. एकतीस वर्षांत चाकाचा एक नट सुटलेला माझ्या नजरेतून निसटला नाही. आज जेवण अर्धं टाकून उठलो. प्रमिलाने विचारलं नाही, हेमांगीनेच तिला सांगितलं असणार.

२३ जानेवारी, गुरुवार

दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा पाय लागून फरशी पुसण्याची बादली उलटली. चार माणसांचे पाय भिजले. रस्त्याच्या मधोमध बादली कोण ठेवतं, असं मी बोलून गेलो. साफसफाईची बाई म्हणाली, "बाबा, भिंतीशी ठेवली होती." प्रमिला खुर्चीवरून पाहत होती.

२६ जानेवारी, रविवार

शेजारच्या समाधानची गाडी मागून घेतली आणि सकाळी हेमांगीला बाजार समितीच्या मोकळ्या आवारात शिकवायला नेलं. खरं तर तपासायलाच. ट्रेनिंगवाले काय शिकवतात मला ठाऊक आहे.

तिला सांगितलं, निघण्याआधी तीन आरसे. बेल वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ती म्हणाली, "कारमध्ये बेल कुठे असते, आबा?" मी म्हटलं, मी आहे ना. डॅशबोर्डवर दोनदा ठोकलं की निघायचं, एकदा ठोकलं की थांबायचं. मग तासभर आम्ही तेवढंच केलं. मी दोनदा ठोकायचो, ती निघायची. एकदा ठोकायचो, ती थांबायची. पोर हसत होती. पुष्कळ दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं.

तिचा पाय हलका आहे. क्लच सोडताना गाडीला कळतही नाही. मला हे यायला दोन वर्षं लागली होती. तिला सांगितलं नाही, डोक्यात हवा जायला नको. पण तिच्या शेजारी बसून माझाही पाय क्लच शोधत होता. आनंदच होता बहुतेक. सगळा आनंद नव्हता.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचं लिहायला बसलो खरा, पण हात पुढे सरकत नाही.

एरंडोलला लीलाधर गुरुजींची गाडी बघायला गेलो होतो. गुरुजी मुलाकडे नाशिकला राहायला चालले आहेत. गाडी लाल, टमाट्यासारखी, सात वर्षं एकाच हातात, शाळा आणि घर एवढीच फिरलेली. दोन एअरबॅग, आत वर्तमानपत्र अंथरून ठेवलेलं. गुरुजी म्हणाले, फिरवून आणा की.

किल्ली मी घेतली. हेमांगीने हात पुढे केला होता, तो मला नंतर आठवला. भाईदास डाव्या सीटवर, हेमांगी मागे. हायवे सोडून जुन्या रस्त्याने पिंपळकोठ्याच्या बाजूला निघालो. हा रस्ता मला पाठ आहे. कुठे खड्डा, कुठे निंब, कुठे वळण, डोळे मिटून सांगेन. गाडी चांगली होती. तिसऱ्यातून चौथ्यात टाकली.

भाईदासने डॅशबोर्डवर एकदा ठोकलं.

माझा पाय ब्रेकवर गेला. का ते मला माहीत नव्हतं. समोर रस्ता रिकामा होता. टोला पडला म्हणून पाय गेला, एकोणीस वर्षं जसा जायचा तसा. गाडी थांबली तेव्हा बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याला टेकून एक बाई उभी होती. डोक्यावर चाऱ्याचा भारा. तिने भारा सोडला नव्हता. ती ओरडलीही नाही. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "भाऊ, मी तुमले हात दखाडा व्हता."

ती गेली. मी म्हटलं, अचानक आली.

भाईदास समोर पाहत म्हणाला, "ती कव्हयनी उभी व्हती, नवलभाऊ. हात वर करीसन उभी व्हती."

मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर होतं. तेव्हा मागून हेमांगी बोलली. ती माझ्याशी शाळेतलं मराठी बोलते, आज अहिराणीत आली. "आते बस, आबा. सूर्य आपला मांगे शे."

मी उतरून मागे बसलो. ती गाडी परत घेऊन आली. गुरुजींच्या अंगणात वायपरमध्ये हिरव्या चाऱ्याची दोन पाती अडकलेली दिसली. ती मी काढून खिशात टाकली, गुरुजींनी पाहू नये म्हणून. आता ती या पानात ठेवली आहेत.

३ फेब्रुवारी, सोमवार

बसने गेलो, बसने आलो. वेळ लिहिली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रमिला मशीनवर होती. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. इतर वेळी ती झोपते. आज डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होती. म्हणाली, "भाईदासभाऊंनी माले बठ्ठं सांगं."

त्या दिवशी ओट्यावर तिने त्याला गोळ्यांचं विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"खांदा मी भिऊन दाबस, असं वाटस का तुमले? तुमले जे दिखत नही ते मी सांगस."

वर्षभर. वासरू, सायकल, ट्रॅक्टर, शाळेची पोरं. मी वहीत तिला घाबरट लिहिलं आहे. मागची पानं काढून पाहिली, तीन ठिकाणी लिहिलं आहे.

मी विचारलं, मग आधी सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही तक्ता वाचून दाखवला असता. हे खरं आहे. मग म्हणाली, "गाडी मी मन्हाकरता नही मांगी. मन्हं काय, मशीन चाली तोपर्यंत मी. पन तुम्ही किल्ली लीसन निंघतस आनि मन्हा जीव उंबरठामा ऱ्हास. मी जासू त्याना आगोदर तुमना हातमाईन किल्ली सुटाले पाह्यजे."

नळीतून तिचं रक्त मशीनमध्ये जात होतं आणि परत येत होतं. मी तिच्या दुसऱ्या हातावर हात ठेवला. सिस्टरसमोर असं कधी केलं नव्हतं. मला रडू आलं. ते लपवावंसं वाटलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रमिला मशीनवर असताना हेमांगी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिने कॉलेज बुडवलं. मनात म्हणत होतो, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करू, महिन्याभरात ठीक.

तक्ता वाचला. शेवटची ओळसुद्धा. मी हेमांगीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समोरची नजर चांगली आहे, आता बाजूची बघू.

एका यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. हातात बटण दिलं. मधल्या ठिपक्याकडे पाहत राहायचं, आजूबाजूला कुठे उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. सुरुवातीला चार-पाच दिसले, दाबलं. मग काहीच येईना. मी वाट पाहत बसलो. वाटलं, लाइट गेली असेल. मी विचारलं, "ताई, मशीन सुरू आहे ना?"

यंत्रापाशी बसलेली मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सुरू आहे, काका."

काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी कागदावर छापलेली दोन चित्रं दाखवली. मध्ये थोडं पांढरं, भोवती सगळं काळं. डावीकडे जास्त. हे हळूहळू होतं, दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही, असं त्या म्हणाल्या. जेवढं गेलं ते परत येणार नाही. रोज थेंब घालायचे, उरलंय ते टिकवायचं. गाडी बंद. मोटारसायकलसुद्धा.

मी विचारलं, किती दिवसांपासून असेल? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, काही वर्षं तरी असावं.

काही वर्षं. शेवटची दोन वर्षं मी पन्नास-पन्नास माणसं घेऊन हाच रस्ता चालवत होतो का? बिल्ला मला मिळाला, पण मागे बेल कोणाच्या हातात होती? भाईदास माझ्यानंतर सहा महिन्यांनी निवृत्त झाला. त्याला तेव्हाच काही कळलं होतं का, हे मी त्याला विचारणार नाही. विचारलं तर तो खोटं बोलेल.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे घराण्यात येऊ शकतं. मुलीचेही डोळे तपासून घ्या." माझं जे झालं ते झालं. मी तिथेच बसलो आणि म्हटलं, आत्ताच तपासा. हेमांगी म्हणाली, आबा, आईला घ्यायची वेळ झाली. मी म्हटलं, आत्ताच.

तिच्याही हातात बटण दिलं. मी दाराशी उभा राहून मोजत होतो. टिक. टिक. टिक. थांबतच नव्हतं. आयुष्यात इतका चांगला आवाज मी ऐकलेला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोटारसायकलची किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली. सकाळी दूध आणायला चालत गेलो. सवयीने दोनदा खिसा चाचपला. राग येतो. कोणावर ते कळत नाही. प्रमिलाने दिलेला चहा प्यायलो नाही आणि मग तिची माफी मागितली.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा एरंडोल. गुरुजींनी गाडी राखून ठेवली होती.

या वेळी मी गाडी बघितली ती हेमांगीची म्हणून. आतापर्यंत मी माझ्यासाठीच गाडी शोधत होतो, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. उंच सीट मला हवी होती. डिझेलचा आवाज मला हवा होता. लाल रंगाला मी नाक मुरडलं कारण त्या गाडीत मी कसा दिसेन हे माझ्या डोक्यात होतं.

आज तिला बसवून सीट पुढे घ्यायला लावली. क्लच टाचेपर्यंत दाबला जातो का? जातो. बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसतात का? दिसतात. मागची काच मोठी आहे का? टायरवर कोणत्या आठवड्यात बनला ते आकडे असतात, ते मी बोटांनी चाचपले आणि तिला वाचायला सांगितले. दोन टायर जुने निघाले, गुरुजी बदलून देतो म्हणाले. ब्रेक दहा वेळा मारायला लावला. डोळ्यांनी बघायचं सगळं भाईदासने पाहिलं, आवाजाचं मी. इंजिनला हात लावला आणि सायलेन्सरपाशी बसून ऐकलं. जे मला येतं ते अजून येतं.

मग मी डाव्या सीटवर बसलो. भाईदास न सांगता मागे गेला. हेमांगीला म्हटलं, पिंपळकोठ्यापर्यंत जाऊन येऊ. आणि मी डोळे मिटले. चालवणारा कसा आहे हे डोळे मिटल्यावर जास्त कळतं. तिचा गिअर कळला नाही. वळणाआधी पाय सुटला, वळणात नाही. एका जागी गाडी हळू झाली, अगदी चालीवर आली. रस्त्यावर काही आवाज नव्हता.

मी डोळे न उघडता विचारलं, "का गं?"

"इथे बायका रस्ता ओलांडतात ना, आबा."

परत आल्यावर गुरुजींना सांगितलं, गाडी आमची. हेमांगीला सांगितलं, तुझा पाय हलका आहे, मला यायला दोन वर्षं लागली होती. तिने खाली वाकून उगाच चपलेचा पट्टा नीट केला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कागदपत्रं झाली. गाडी हेमांगी नवल पाटील या नावावर. प्रमिलाने अंगणात बसून नारळ फोडवला आणि चाकांना हळद-कुंकू लावलं. रुक्माबाई शेजारीण म्हणाली, ड्रायव्हरच्या घरी पोर गाडी चालवणार आणि तुम्ही काय करणार? मी म्हटलं, मी तिकिटं फाडणार. लोक हसले, मीही हसलो.

हेमांगीने माझ्या वहीत जाड काळ्या शाईने रेघा मारून दिल्या आहेत, पुढच्या साठ पानांवर. आता ओळी एकमेकींवर चढत नाहीत. एवढं ती कधी करत बसली मला कळलंही नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पारोळ्याहून ७.०५ ला सुटलो, धुळ्याला ७.५५ ला पोहोचलो. चालक हेमांगी नवल पाटील. वाहक मी. प्रवासी एक.

प्रमिलाला मागे उशी लावून दिली. हेमांगीने तीन आरसे पाहिले, पट्टा लावला, गाडी सुरू केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, चल की. ती समोर पाहत म्हणाली, "आबा, बेल."

मी दोनदा ठोकलं.

रस्ता मी नीट पाहत होतो, मान दोन्हीकडे फिरवून, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं. चौपदरी चांगला झाला आहे. आजवर मी त्याला नावंच ठेवत होतो. मुकटीजवळ हेमांगीचा पाय अचानक ब्रेकवर गेला. मी ठोकलं नव्हतं, मला काही दिसलं नव्हतं. डावीकडून एक म्हातारा शेळी घेऊन रस्त्यावर आला होता. तो सावकाश पलीकडे गेला. तिने त्याला जाऊ दिलं, आरसे पाहिले आणि गाडी पुन्हा हलवली.

त्याच वेळी मागून प्रमिलाचा हात माझ्या डाव्या खांद्यावर आला. मी वाट पाहिली. तिने दाबला नाही. हात तसाच ठेवला, आणि धुळे येईपर्यंत काढला नाही.